न्यूयॉर्कचे उन्हाळी जलसे

उन्हाळ्याची सुटी लागली कीं घरोघर एकच प्रश्न उभा राहतो : मुलांनीं दिवसभर करावें तरी काय? आजोळ, आंबे, पत्ते आणि विहिरीवरचें पोहणें एवढ्यावर एके काळीं सुटी सरत असे. पण ज्यांचें आजोळच शहरांतल्या तिसऱ्या मजल्यावर आलें, त्या कुटुंबांस संध्याकाळचे चार तास घालविणें हें कोडें होऊन बसलें आहे. मोठ्या शहरांत करमणुकीचा तोटा नसतो. तोटा असतो तो आजीपासून नातवापर्यंत सर्वांनीं मिळून जावें, आणि जाऊन आल्यावर घरखर्चाच्या वहींत खड्डा पडूं नये, अशा करमणुकीचा. ह्या कोड्याचें उत्तर अमेरिकेंतील न्यूयॉर्क शहरानें दीडशें वर्षांहून अधिक काळ कसें शोधलें, हें समजून घेण्यासारखें आहे. तें उत्तर सहजासहजीं हातीं आलें नाहीं. म्हणूनच त्याची हकीकत आपल्या उपयोगाची आहे.

न्यूयॉर्क म्हटलें कीं गगनाला भिडणाऱ्या इमारती आणि पैशाच्या उलाढाली डोळ्यांपुढें येतात. शहराची वस्ती ८० लाखांवर आहे, आणि भोंवतालचीं उपनगरें धरलीं तर ती २ कोटींच्या घरांत जाते. मुलूख थंडीचा असला तरी जुलै-ऑगस्टचा उकाडा आपल्या मुंबईच्या मे महिन्याची आठवण करून देतो. हवा दमट, वारा पडलेला, आणि विटा-दगडांच्या भिंती रात्रीं उशिरापर्यंत तापलेल्या. शाळांना सुटी लागते ती जूनच्या अखेरीस, आणि संपते सप्टेंबरच्या आरंभीं. हवा थंड करण्याचीं यंत्रें नव्हतीं त्या काळीं धनिक मंडळी समुद्रकांठीं किंवा डोंगरांत निघून जात. गरीब लोक गच्चीवर आणि इमारतींच्या बाहेरच्या लोखंडी जिन्यांवर अंथरुणें टाकून रात्र काढीत. नाटकगृहें व संगीतगृहें उकाड्यामुळें बंद राहत. त्यामुळें वाजविणाऱ्यांस काम नसे आणि ऐकणाऱ्यांस विरंगुळा नसे. दोघेहि शहरांतच अडकलेले. ह्या दोघांची गांठ उघड्या आकाशाखालीं घालून देणें, हेंच तेथील उन्हाळी जलशांचें मूळ होय.

गांठ घालून देणें बोलावयास सोपें. पण त्यांत तीन अडचणी उभ्या राहिल्या. जलसा कोणत्या वारीं करावा? त्याचा दाम किती असावा? आणि त्याचें दार कोणासाठीं उघडें ठेवावें? हे तीन प्रश्न सुटावयास १८५९ पासून १९५९ पर्यंत बरोबर शंभर वर्षें लागलीं.

वार

शहराच्या मध्यभागीं सेंट्रल पार्क नांवाचें ८४३ एकरांचें विस्तीर्ण उपवन आहे. फ्रेडरिक लॉ ओल्म्स्टेड आणि कॅल्व्हर्ट व्हॉक्स ह्या दोघांनीं १८५८ सालीं त्याचा आराखडा केला. झाडें पुरतीं लागलीं नव्हतीं तोंच, १८५९ च्या जुलैंत, तेथें बँडचा पहिला जलसा झाला. लोकांस तो आवडला, आणि पुढें शनिवारीं दुपारीं तेथें वाद्यें वाजूं लागलीं. ऐकावयास पैसे पडत नसत. तरीहि तेथें जमत ते बहुतेक सुखवस्तु लोकच. कारण उघड होतें. त्या काळचा मजूर, शिंपी किंवा सुतार आठवड्याचे सहा दिवस राबत असे. शनिवारीं दुपारीं त्याच्या हातांत हातोडा असे. त्याला मोकळा दिवस एकच, तो रविवार. आणि रविवारीं वाद्यें वाजविणें म्हणजे देवाच्या दिवसाचा भंग करणें, असें तेथील अनेक धर्मनिष्ठ ख्रिस्ती मंडळींचें ठाम मत होतें. उलट जर्मनींतून येऊन वसलेल्या हजारों कुटुंबांची चाल अशी कीं, रविवारीं मुलाबाळांसह बागेंत बसून गाणें-बजावणें ऐकावें. हा वाद वर्षानुवर्षें चालला. अखेर १८८४ च्या उन्हाळ्यांत रविवारचे जलसे सुरू झाले, आणि कष्टकरी कुटुंबें लेंकरांना कडेवर घेऊन तेथें लोटलीं.

ह्यांतलें मर्म आपल्या गृहिणींस सांगावयास नको. ऐन स्वयंपाकाच्या वेळीं आलेलें बोलावणें हें न आल्यासारखेंच असतें. फुकट म्हणून जाहीर केलेला कार्यक्रमहि जर लोकांच्या सवडीच्या वेळीं नसेल, तर तो लोकांचा होत नाहीं. न्यूयॉर्कला एवढी गोष्ट उमगावयास पंचवीस वर्षें लागलीं.

पुढें १९०५ सालीं एल्कन नॉमबर्ग ह्या पेढीवाल्या गृहस्थानें त्याच उपवनांत मोठ्या वाद्यवृंदाचे विनामूल्य जलसे सुरू केले. हे गृहस्थ जर्मनींतून लहान वयांत अमेरिकेंत आलेले. वाद्यांचा नाद दूरवर पोहोंचावा म्हणून त्यांनीं शिंपल्याच्या आकाराचा दगडी रंगमंच बांधून १९२३ सालीं तो शहरास अर्पण केला. त्यांच्या नांवानें चालणारे जलसे आजहि दर उन्हाळ्यांत होतात.

दाम

ज्या कोलंबिया विद्यापीठांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ ह्या काळांत शिकले, त्याच्या प्रांगणांत १९१८ सालीं एडविन फ्रँको गोल्डमन ह्यांच्या बँडचे उन्हाळी जलसे सुरू झाले. त्यांचा भार गुगेनहाइम ह्या धनिक घराण्यानें पुढें दीर्घकाळ उचलला. त्याच उन्हाळ्यांत, तेथून थोड्या अंतरावर उत्तरेकडे, आणखी एक मोठा उपक्रम जन्माला आला. अडॉल्फ ल्यूइसन ह्या तांब्याच्या व्यापारानें श्रीमंत झालेल्या गृहस्थांनीं सिटी कॉलेजास एक क्रीडांगण बांधून दिलें होतें. अर्धवर्तुळाकार दगडी पायऱ्या आणि त्यांच्या माथ्यावर ग्रीक पद्धतीच्या खांबांची ओळ, अशी त्याची रचना होती. १९१८ च्या जूनमध्यें तेथें वाद्यवृंदाचा पहिला जलसा झाला. तें महायुद्धाचें वर्ष होतें, आणि शहरांत आलेल्या सैनिकांस चार घटका विसांवा मिळावा हाहि त्यांतला एक हेतु होता.

ह्या उपक्रमाचा प्राण म्हणजे मिनी गुगेनहाइमर नांवाच्या बाई. पैसे गोळा करणें हें काम किती अवघड, हें ज्यांनीं एखाद्या मंडळाची वर्गणी मागितली असेल त्यांस ठाऊक असेल. ह्या बाईंनीं तें काम जवळ जवळ पन्नास वर्षें केलें. हिशेब असा होता : पुढच्या खुर्च्यांस अधिक दाम, आणि मागच्या दगडी पायऱ्यांवर बसणारास पाव डॉलर. एवढ्यावर शेंपन्नास वादकांचें वेतन भागत नसे. उरलेली तूट श्रीमंतांकडून देणग्या मिळवून भरून काढावयाची, आणि पुढच्या उन्हाळ्यास पुन्हां नव्यानें झोळी घेऊन निघावयाचें. मध्यंतरांत त्या स्वतः रंगमंचावर येऊन श्रोत्यांचें स्वागत करीत, आणि हजारों श्रोते त्यांस नांवानें हांक मारून उत्तर देत. घरच्या कार्यांत वडीलधारी बाई जशी सर्वांची विचारपूस करीत फिरते, तसाच हा प्रकार होता.

पाव डॉलरनें काय साधलें? पायऱ्यांवर बसणारांत विद्यार्थी, शिक्षक, दुकानांतले नोकर आणि नुकतेच परदेशांतून आलेले लोक असत. हिंवाळ्यांत ज्या संगीतगृहाच्या दाराशीं ते गेले नसते, त्याच दर्जाचें संगीत त्यांस येथें ऐकावयास मिळे. कारण १९२२ पासून येथें न्यूयॉर्क फिलहार्मोनिक हा शहरांतला नामांकित वाद्यवृंदच वाजवीत असे. १९३२ च्या ऑगस्टमध्यें केवळ जॉर्ज गर्श्विन ह्यांच्या रचनांचा जलसा झाला, तेव्हां सुमारें १७ हजार लोक जमले. आर्थिक मंदीनें देश होरपळत असतां ही गर्दी झाली, हें ध्यानांत घेतलें पाहिजे.

गाणारांसहि ह्या जागेचा उपयोग झाला. १९२५ सालीं येथें गाण्याच्या संधीसाठीं एक चढाओढ झाली. सुमारें ३०० उमेदवारांतून मॅरियन अँडरसन ह्या कृष्णवर्णीय तरुण गायिकेची निवड झाली, आणि त्याच ऑगस्टमध्यें ती फिलहार्मोनिकच्या साथीनें गायिली. पुढें १९३९ सालीं वॉशिंग्टन शहरांत तिच्या वर्णामुळें एक सभागृह तिला नाकारण्यांत आलें. तेव्हां ती लिंकनच्या स्मारकासमोर उघड्यावर गायिली, आणि सुमारें ७५ हजार लोकांनीं तें गाणें ऐकलें. भिंतींनीं जें नाकारलें तें आकाशानें दिलें, असेंच ह्या प्रसंगाविषयीं म्हणावें लागतें.

ल्यूइसन क्रीडांगणावरचे जलसे १९६६ सालीं थांबले, आणि त्याच वर्षीं मिनीबाईंचाहि अंत झाला. १९७३ सालीं क्रीडांगण पाडून त्या जागीं कॉलेजाची नवी इमारत उठविण्याचें काम निघालें. एका व्यक्तीच्या उमेदीवर उभी राहिलेली संस्था त्या व्यक्तीच्या पाठोपाठ कशी मावळते, ह्याचें हें उदाहरण आहे. पण तोंवर तिसऱ्या प्रश्नाचा निकाल लागून चुकला होता.

दार

जोसेफ पॅप ह्यांचा जन्म १९२१ सालीं ब्रुकलिन भागांतल्या एका गरीब ज्यू कुटुंबांत झाला. सार्वजनिक वाचनालयांतल्या पुस्तकांनीं त्यांस शेक्सपियरची गोडी लावली. जें आपणांस फुकट मिळालें तें इतरांसहि फुकट मिळावें, ही त्यांची साधी समजूत होती. १९५४ सालीं त्यांनीं नाटकमंडळी काढली. १९५६ च्या उन्हाळ्यांत नदीकांठच्या एका उघड्या नाट्यगृहांत तिचे विनामूल्य प्रयोग झाले, आणि १९५७ सालीं मालमोटारीवर रंगमंच चढवून ती शहराच्या निरनिराळ्या भागांत फिरली. ही फिरती रंगभूमि सेंट्रल पार्कांतल्या एका तळ्याच्या कांठीं येऊन थांबली, ती तेथेंच राहिली.

१९५९ सालीं मात्र विघ्न आलें. रॉबर्ट मोझेस हे शहराच्या उद्यानखात्याचे मुख्य अधिकारी. रस्ते, पूल आणि बागा बांधण्यांत त्यांचा हात धरणारा दुसरा कोणी नव्हता, आणि त्यांचा शब्द मोडण्याची छातीहि फार थोड्यांस होती. प्रेक्षकांच्या पायांखालीं गवत तुडविलें जातें व त्याचा खर्च उद्यानखात्यास सोसावा लागतो, ह्यास्तव प्रेक्षकांकडून एक-दोन डॉलर घ्यावे, नाहींतर परवाना मिळणार नाहीं, असें त्यांनीं पॅपना बजावलें.

मोझेस ह्यांचें म्हणणें अगदींच पोकळ होतें असें नव्हे. गवत खरोखरच तुडविलें जात होतें, आणि तें पुन्हां लावावयास पैसा लागतोच. व्यवहारी माणूस म्हणेल, एक डॉलर म्हणजे कितीसा? पण पॅप ह्यांचें म्हणणें असें कीं, नवरा-बायको आणि चार मुलें एवढ्यांचा हिशेब केला कीं तो एक डॉलर राहत नाहीं. आणि ज्या माणसानें आजवर नाटक पाहिलेंच नाहीं, तो अनोळखी वस्तूसाठीं पहिला डॉलर काढणारच नाहीं. दारावर पैसे घेणारा माणूस उभा राहिला कीं आंत येणारे लोकच बदलतात. त्यांनीं नकार दिला आणि प्रकरण न्यायालयांत नेलें. खालच्या न्यायालयांत मोझेस जिंकले. वरच्या न्यायालयानें मात्र अशी अट घालणें मनमानीचें आहे असा निर्णय दिला. तेव्हां गवतासाठीं २० हजार डॉलर भरा, अशी मागणी पुढें आली. दोन उदार व्यक्तींनीं ती रक्कम निम्मी-निम्मी दिली, आणि त्याच ऑगस्टमध्यें ‘ज्युलियस सीझर’चा प्रयोग विनामूल्य झाला.

कथेचा शेवट मात्र अपूर्व आहे. ज्या मोझेस ह्यांनीं वाट अडविली होती, त्यांनींच पुढें त्या जागीं कायमचें नाट्यगृह बांधावें म्हणून शहराच्या तिजोरींतून पैसा मागितला. जॉर्ज डेलाकोर्ट ह्या प्रकाशकानें मोठी देणगी दिली, आणि १९६२ च्या जूनमध्यें सुमारें १,८०० आसनांचें, छप्पर नसलेलें डेलाकोर्ट नाट्यगृह ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’च्या प्रयोगानें उघडलें. तेव्हांपासून ५० लाखांहून अधिक लोकांनीं तेथें नाटक पाहिलें आहे. मोठी दुरुस्ती होऊन २०२५ च्या ऑगस्टमध्यें तें पुन्हां सुरू झालें, आणि तिकिटास दाम नाहीं हा नियम तसाच राहिला.

आजचा हंगाम

ह्या तीन लढायांचें फळ आज त्या शहराच्या मुलाबाळांच्या पदरीं पडतें. १९६५ सालीं फिलहार्मोनिक वाद्यवृंदानें उपवनांतून विनामूल्य जलसे देण्यास आरंभ केला. पहिल्याच रात्रीं सुमारें ७० हजार लोक गवतावर बसून ऐकत होते. तेव्हांपासून ह्या वाद्यवृंदाचा उन्हाळा शहराच्या निरनिराळ्या भागांतील बागांतून सुरू होण्याचा प्रघात पडला आहे. आपल्यास अभिमान वाटावा अशी एक गोष्ट येथें सांगितली पाहिजे. १९८६ च्या जुलैंत, स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या शताब्दीनिमित्त, सेंट्रल पार्कांत जो जलसा झाला, त्यास सुमारें ८ लाख लोक जमल्याचा अंदाज आहे. आणि त्या रात्रीं वाद्यवृंदाचें संचालन करीत होते मुंबईंत जन्मलेले झुबिन मेहता. त्यांचे वडील मेहली मेहता ह्यांनीं १९३५ सालीं मुंबईंत पाश्चात्य पद्धतीचा वाद्यवृंद उभा केला होता.

अशा जलशास कुटुंबें कशीं जातात? दुपार कलतांच चटया, पांघरुणें आणि फराळाची टोपली घेऊन मंडळी निघतात. आधीं येणारा एक जण जागा धरतो; मागून आजी-आजोबा येतात. अंधार पडेपर्यंत मुलें गवतावर धांवतात, आणि वाद्यें सुरू झालीं कीं तींच मुलें मांडीवर डोकें ठेवून ऐकतां ऐकतां झोंपीं जातात. त्याबद्दल कोणी कपाळाला आंठ्या घालीत नाहीं. बंद सभागृहांत रडणारें मूल म्हणजे आईला शरमेनें उठून जाण्याचें कारण; येथें तें मूलहि श्रोत्यांतलेंच एक मानलें जातें. उघड्या जागेचा हा सर्वांत मोठा गुण होय.

लहानांसाठीं स्वतंत्र सोयहि आहे. त्याच उपवनांत परीकथाकार हान्स ख्रिश्चन अँडरसन ह्याचा ब्राँझचा पुतळा १९५६ सालीं बसविण्यांत आला. त्याच्या मांडीवर पुस्तक उघडें आहे आणि पायांशीं एक बदक आहे. उन्हाळ्यांत दर शनिवारीं सकाळीं तेथें मुलांना गोष्टी सांगतात. मुलें पुतळ्याच्या मांडीवर चढून बसतात. त्यामुळें तेवढा भाग घांसून लखलखीत झाला आहे. त्याशिवाय जूनमध्यें एका संध्याकाळीं फिफ्थ ॲव्हेन्यू ह्या हमरस्त्याचा काहीं भाग वाहनांस बंद करून तेथील वस्तुसंग्रहालयें सर्वांस विनामूल्य खुलीं ठेवण्याची प्रथा आहे. ब्रुकलिनच्या प्रॉस्पेक्ट पार्कांत १९७९ पासून, आणि सेंट्रल पार्कांत १९८६ पासून, देशोदेशींच्या संगीताचे उन्हाळी कार्यक्रम होत आले आहेत.

ह्याचा अर्थ सगळें निर्दोष आहे असा नव्हे. डेलाकोर्टच्या तिकिटांसाठीं लोक पहांटेपासून रांगेंत बसतात, आणि तिकिटें दुपारीं हातीं पडतात. म्हणजे दाम पैशांत नसला तरी वेळांत द्यावा लागतो. आणि रोजावर काम करणारास सकाळ घालविणें हें डॉलर देण्यापेक्षां महाग पडतें. पैसे घेऊन दुसऱ्यासाठीं रांगेंत बसणारेहि निघाले. ह्यावर उपाय म्हणून कांहीं तिकिटें दूरच्या वस्त्यांतून वांटतात, कांहीं चिठ्ठ्या टाकून देतात. १८८४ सालीं वाराचा जो प्रश्न सुटला असें वाटलें, तोच वेष पालटून पुन्हां दारांत आला आहे. असे प्रश्न एकदां सोडवून भागत नाहीं. प्रत्येक पिढीस ते नव्यानें सोडवावे लागतात.

आपल्याकडे

आपल्या समाजास ही कल्पना परकी नाहीं. न्यायमूर्ति रानडे ह्यांनीं १८७५ सालीं पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती ह्याच तत्त्वावर : एप्रिल-मे महिन्यांत सुटी असते, संध्याकाळीं हवा सुखाची असते, तेव्हां विद्वानांची वाणी सर्वांच्या कानीं पडावी. १८५९ चे शनिवारचे बँड आणि ही व्याख्यानमाला ह्यांत सोळाच वर्षांचें अंतर आहे. पुढें १९५९ सालीं, पॅप न्यायालयांत झगडत होते त्याच वर्षीं, सुधा करमरकर ह्यांनीं मुंबईंत लिटल थिएटर ही मुलांची नाटकसंस्था काढली. अमेरिकेंतील बालरंगभूमीचा अभ्यास करून त्या परतल्या होत्या, आणि त्यांचें पहिलें नाटक ‘मधुमंजिरी’ रत्नाकर मतकरी ह्यांनीं लिहिलें होतें. सुटींतलें बालनाट्य हा मराठी घरांचा एक नेम होऊन बसला, त्याचा पाया येथें घातला गेला.

मग उणें कोठें आहे? उणें बहुधा हिशेबांत आहे. फुकट जलसा म्हणजे कोणीहि पैसे न दिलेला जलसा नव्हे. त्यांत वादकाचें वेतन असतें, दिव्यांचा खर्च असतो, आणि तुडविलेल्या गवताचेंहि बिल असतें. न्यूयॉर्कांत तें बिल कधीं धनिकानें, कधीं शहराच्या तिजोरीनें, तर कधीं पन्नास वर्षें झोळी घेऊन फिरणाऱ्या एका बाईनें भरलें. आपल्या आळींतल्या मंडळानें सुटींत एखादा गाण्याचा किंवा गोष्टींचा कार्यक्रम ठेवला, कीं तो फुकट आहे म्हणून आपण संतोषानें जातों. वर्गणीचा माणूस दाराशीं आला कीं मात्र “पुढच्या महिन्यांत पाहूं” असें म्हणतों. ज्या घरांस देतां येतें त्यांनीं थोडें अधिक दिलें, तर ज्यांना देतां येत नाहीं त्यांचीं मुलें पुढच्या ओळींत बसूं शकतात. ह्यापलीकडे त्यांत गूढ असें कांहीं नाहीं.

म्हणून येत्या सुटीपूर्वीं आपल्या मंडळाची सभा भरेल, तेव्हां घरांतल्या कर्त्या मंडळींनीं तीन प्रश्न अवश्य विचारावे. कार्यक्रमाचा वार आणि वेळ कामावरून येणाऱ्या माणसास व स्वयंपाकघरांतल्या बाईस सोयीची आहे काय? दाम चार मुलांच्या घरास परवडणारा आहे काय? आणि दारांत उभे राहून कोणी परत तर जात नाहीं ना? ह्या तिन्ही प्रश्नांस होकारार्थी उत्तर मिळवून देण्यासाठीं लागेल ती वर्गणी त्याच सभेंत वहींत मांडून टाकावी. मुलें मोठीं होऊन गाणें आठवतील. वर्गणी कोणी दिली हें त्यांस आठवणार नाहीं, आणि आठवूंहि नये.